घासलेली जागा

जन्मली तेव्हा सिस्टर म्हणाली,
"ही तर थेट पार्लरमधून आलीय."
काळंभोर ओलं जावळ, कानांवर उतरलेलं.
खांद्यांवर, पाठीवरसुद्धा लव.
ती पुढं आपसूक गेली, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तिसऱ्या महिन्यात दुपट्यावर केस दिसू लागले.
डोक्यामागं या कानापासून त्या कानापर्यंत
एक गुळगुळीत पट्टा,
खूप पावलं पडलेल्या पायरीसारखा.

वडाळ्याच्या आमच्या दोन खोल्यांत
मग सल्ल्यांना जागा पुरेना.
लोबो आंटींनी घाणीवरचं खोबरेल दिलं.
मालिशवाल्या हौसाबाई म्हणाल्या,
"एकदा गोटा करा, मग बघा कसं दाट येतंय,"
आणि बोलता बोलता टाळूवरचे पिवळे पापुद्रे
नखानं उचकटू लागल्या.
मी त्यांचा हात धरला. पहिल्यांदाच.
नणंदेनं फोनवर कांद्याचा रस सांगितला,
मी फोन कानापासून लांब नेला
वास येत असल्यासारखा.

डॉक्टर दस्तूर दादरला तिसऱ्या मजल्यावर बसतात.
लिफ्ट बंद होती.
"तू कुठं काम करते?" त्यांनी मलाच विचारलं.
गोदीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, मी म्हटलं, पाळीनं.
"मग तुला काय समजावायचं!
पोटात असताना सगळे केस एकाच पाळीत होते.
ती सुटली. दुसरी यायची आहे.
मधे गेट रिकामं दिसणारच.
मागचे घासून जातात, उताणी पडते ना सारखी.
जागी असेल, तू समोर असशील, तेव्हा पालथी ठेव.
पापुद्र्यांना थोडं तेल, मऊ ब्रश, मग धुऊन टाक. नख नाही."
आणि वस्तरा?
"वस्तरा वरून जातो. मूळ कातडीखाली.
त्या बिचाऱ्याला पत्ताच नसतो."
मग चष्म्यावरून माझ्या वेणीकडं बघत,
"तुझे पण जातात ना?"

जात होते.
मोरीच्या जाळीवर रोज उंदराएवढा गुंडा.
हे मला कुणी विचारलं नव्हतं.

एका रात्री दोन वाजता ती रडायला लागली
ते थांबेचना.
पोट बघितलं, कान बघितले, लंगोट बघितला.
हेरंब तिला घेऊन गॅलरीत फिरला,
समोरच्या बिल्डिंगीत एक दिवा लागला, विझला.
शेवटी मोजे काढले.
डाव्या पायाच्या दुसऱ्या बोटाला
अंगठीसारखा गुंडाळलेला केस.
लांब. एकच. माझा.
बोट जांभळं.

हेरंबनं मोबाईलचा उजेड धरला.
नखं कापायची कात्री
केस तुटेपर्यंत हलली नाही.
नंतर मात्र मला ती खाली ठेवता येईना.
सकाळी दस्तूरांनी भिंगातून बोट बघितलं,
"पूर्ण सुटलाय," म्हणाले, आणि बराच वेळ
कुणीच काही बोललं नाही.

तेव्हापासून प्रत्येक मोजा उलटा करून झटकते.
डोक्याला रुमाल बांधून पाजते.

जावळ काढलं ते आठव्या महिन्यात.
माझा भाऊ कुडाळहून रजा टाकून आला,
तिला मांडीवर घेऊन असा ताठ बसला
की वस्तरा त्याच्याच डोक्यावर फिरणार होता.
दाट केस येणार नाहीत, मला ठाऊक होतं.
भावानं दोन दिवस इथं राहावं, एवढंच हवं होतं.

आता वर्ष होत आलंय.
तिच्या डोक्यावर तांबूस, विरळ, नवीन काही उगवलंय,
भोवरा डावीकडं, हेरंबसारखा.
माझ्याही कपाळावर आखूड कुसं उभी राहिलीत,
कितीही तेल लावा, बसत नाहीत.
आरशासमोर ती माझे केस धरून ओढते.
मी ओढू देते.
मग ती मूठ उघडते,
बोटांत एक केस अडकलेला.
आधी तो सोडवते.
मग हसते.